बोधिवृक्षासाठी वीस मिनिटं

थंडी पडली की आमच्या शहरात दोन प्रकारच्या बस दिसू लागतात. एक येणाऱ्या, एक जाणाऱ्या. येणाऱ्या बस उंच, काळ्या काचांच्या; त्यांत परदेशी पाहुणे असतात आणि त्या नगर नाक्यावरून वेरूळच्या रस्त्याला लागतात. जाणाऱ्या बस आमच्या. त्यांच्या डिकीत गॅसची शेगडी, मोठी पातेली, गव्हाच्या पिठाची पोती असतात आणि त्या गया, सारनाथ, कुशीनगर असं करत पंधरा दिवसांनी परत येतात. मी वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. सुट्या भागांची मापं घेणं हे माझं तीस वर्षांचं काम. कंपनीची बस सकाळी नगर नाक्यावर थांबते, तेव्हा खिडकीतून मला या दोन्ही जातीच्या बस दिसतात. तिकडच्या लोकांनी आमचं गाव पॅकेजमध्ये विकत घेतलेलं असतं आणि आमच्या लोकांनी दुसऱ्याचं.

पौषातला हा सगळा हंगामच आता पॅकेजचा झाला आहे. पूर्वी हुरडा खायला कुणाच्या तरी शेतात जायचो. आगटीभोवती बसायचं, हात भाजून घ्यायचे आणि पोट भरलं की उठायचं. आता हुरडा अकरा ते दोन असा असतो. त्यात एक झोका, बैलगाडीची एक फेरी आणि पिठलं-भाकरी. मागच्या वर्षी आम्ही गेलो तर दोनला पाच कमी असताना मालकानं आगटीवर पाणी टाकलं. राग आला, पण मनात म्हटलं, यानं निदान वेळ सांगितलेली होती.

वेळ सांगण्यावरून मला तीन वर्षांपूर्वीची थंडी आठवते. त्या थंडीत मी आईला घेऊन श्रीलंकेला गेलो होतो.

आईचं वय तेव्हा बहात्तर. तिचा जन्म पाचोडजवळच्या एका वस्तीवरचा. सगळं आयुष्य दुसऱ्याच्या शेतात खुरपण्यात आणि नंतर शहरात चार घरची भांडी घासण्यात गेलं. विहारात कुणीतरी तिला सांगितलं होतं की गयेच्या झाडाची फांदी फार पूर्वी अनुराधपूरला नेऊन लावली आणि ते झाड अजून जिवंत आहे. तेव्हापासून तिनं एकच धरलं. इतरांना श्रीलंका बघायची असते. आईला बघायचं नव्हतं. ती म्हणायची, "मला तिथं बसायचंय." त्या झाडाखाली बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वंदना म्हणायची आणि मधे कुणी ऊठ म्हणायचं नाही. बांधावर जरा टेकलं की मुकादम उठवायचा, बाजारात दुकानदार उठवायचा, दवाखान्याच्या बाकावरून शिपाई उठवायचा. हे ती तक्रार म्हणून सांगत नसे. हिशेब दिल्यासारखं सांगायची.

सहलीच्या कंपन्या वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या का वागतात, हा माझा आवडीचा विषय तेव्हापासून झाला. त्याआधी थोडं माहीत होतं ते आमच्या शेजारच्या साळवे सरांमुळं. साळवे सर वेरूळ-अजिंठ्याचे गाइड. जपानी बोलतात. त्यांच्याकडं मी एकदा जपानी पाहुण्यांच्या कार्यक्रमाचा कागद पाहिला. जपानी मला येत नाही, पण आकडे वाचता आले. आठ-दहा, नऊ-पंचवीस, दहा-चाळीस. हातात छोटं निशाण घेतलेली एक बाई गटाबरोबर येते आणि बस सात मिनिटं उशिरा आली तर ती सगळ्यांसमोर वाकून माफी मागते. ठरलेली जागा दाखवली नाही, ठरलेलं हॉटेल बदललं, तर कंपनीनं किती भरपाई द्यायची हेसुद्धा तिकडं आधीच ठरलेलं असतं, असं सर म्हणाले. मला ते ऐकून बरं वाटलं. सर मात्र हसले. म्हणाले, "अहो, पण अजिंठ्याच्या सोळा नंबरच्या लेण्यात एक म्हातारे गृहस्थ चित्रासमोर रडत होते. त्यांनाही बरोबर वेळेवर बाहेर काढलं."

म्हणजे जपानी माणूस मिनिटं विकत घेतो आणि ती त्याला मोजून मिळतात. आपण काय विकत घेतो? मी खूप विचार केला. आपण पोळी विकत घेतो. कुठल्याही मराठी सहलीची जाहिरात बघा; जागांची नावं बारीक अक्षरात आणि 'सोबत आपला आचारी' हे ठळक. मी हसण्यावारी नेत नाही. परमुलखात गरम पोळी आणि 'काका, गोळी घेतली का' असं विचारणारा माणूस ही लहान गोष्ट नाही. फक्त तेवढ्यावर समाधान मानून बाकीचं कुणी विचारत नाही.

आमच्या सहलीचा माणूस होता रत्नाकर. पस्तिशीचा, बोलका, आमच्याच विहारात येणारा. त्यानं कार्यक्रमाचा कागद दिला, तो मी जेवणानंतर घेऊन बसलो. सवयच आहे. चौथा दिवस असा होता: कँडीहून सकाळी आठला निघणे, मसाल्याची बाग, दांबुलाची लेणी, जेवण, अनुराधपूर, परत दांबुलाला मुक्कामी, साडेसातला जेवण. मी नकाशावर अंतरं पाहिली, घाटाचा वेग धरला, चढायला-उतरायला म्हाताऱ्या माणसांचा वेळ धरला. सगळी बेरीज करून झाडापाशी उरत होता सव्वा तास. पण वाटेत कुणाला उलटी झाली, कुणाची चप्पल हरवली, तर तो उरणार नव्हता. आमच्या विहारात पूर्ण वंदनेला पस्तीस मिनिटं लागतात. ती मी दोन रविवार घड्याळ लावून मोजली.

हे रत्नाकरला विचारलं तर तो हसला. "काका, तुम्ही कारखान्यात नाय, सहलीला चाललाय. सगळं व्यवस्थित होतं." बायको म्हणाली, लेखी घ्या. अनुराधपूरला किमान एक तास, एवढी एक ओळ. मी म्हणालो, आपला माणूस आहे, वाईट दिसतं.

तीस वर्षांत मी कुणाचाही माल 'आपला माणूस आहे' म्हणून पास केलेला नाही. इथं केला. परक्याकडून आपण पावती घेतो, आपल्याकडून शब्दही घेत नाही, कारण मागणं म्हणजे संशय घेणं असं आपण धरून चालतो. ही चूक फक्त माझी नाही, पण त्या वेळी ती मी केली.

आमच्या खात्यातले सलीमभाई शहागंजात राहतात. त्यांच्या गल्लीत उमराहच्या सहली नेणाऱ्यांची दुकानं आहेत. त्यांच्या पत्रकावर हॉटेल मक्केच्या हरम मशिदीपासून किती मीटर आहे ते छापलेलं असतं. जाऊन आलेली माणसं पावलांनी मोजून येतात आणि दुकानात येऊन सांगतात. सलीमभाईंची अम्मी निघाली तेव्हा ते तिला म्हणाले होते, "मीटर लिखा है ना अम्मी, तो नाप के आना." अम्मी मोजून आली. म्हणजे लिहून देणं हे काही विलायती खूळ नाही. ते माझ्या घरापासून पाच किलोमीटरवर, शहागंजात चालतं. ज्यांना विचारायची सवय आहे, त्यांना लिहून मिळतं.

आम्ही बावीसजण निघालो. आईनं एक पांढरी साडी वेगळी ठेवली होती. विजयादशमीला, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी, नेसतात तसली. ती इस्त्री करून, कागदात गुंडाळून, बॅगेत सगळ्यात वर. चौथ्या दिवशी कँडीला तिनं ती पहाटेच नेसली आणि दिवसभर डाग पडू नये म्हणून मांडीवर टॉवेल घेऊन बसली.

त्याच हॉटेलात न्याहारीला एक इंग्रज जोडपं होतं. दोघंही निवृत्त शिक्षक. त्यांनाही स्थानिक गाइड आमचाच, निमल नावाचा, आधीच्या आठवड्यात लाभला होता. म्हणून ओळख झाली. माझं इंग्रजी मोडकं, पण कागद वाचण्यापुरतं आहे. त्यांच्याकडं एक फाइल होती. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की सहल विकणारी कंपनी बुडाली तर पैसे परत मिळतील आणि परदेशात असाल तर घरी आणलं जाईल. बस, हॉटेल, गाइड यांच्यात कुणाचीही चूक झाली तरी उत्तर देणार सहल विकणारा. त्यांच्याकडं तसा कायदाच आहे. आणि अनुराधपूरला त्यांचा होता पूर्ण अर्धा दिवस. मी दोनदा वाचलं.

आठला निघायचं होतं, निघालो आठ-वीसला. आणि दहा मिनिटांत बस एका खड्यांच्या दुकानासमोर थांबली. हे दुकान कागदावर नव्हतं. आत खाण कशी खणतात याचा सिनेमा दाखवला, चहा दिला, मग काचेच्या कपाटांमधून फिरवलं. नीलम, पुष्कराज. आमच्यातल्या कुणी काही घेईना, तर सिनेमा दुसऱ्या भाषेत पुन्हा लावला. आई एका खुर्चीत टॉवेल मांडीवर घेऊन बसून होती. एक तास पन्नास मिनिटं.

मी निमलला बाजूला घेतलं. इंग्रजांच्या कागदावर हे दुकान का नव्हतं, विचारलं. निमल सरळ माणूस. हिंदी-इंग्रजी मिसळून त्यानं सांगितलं की काही देशांच्या गटांना आम्ही दुकानात नेतच नाही. ते परत जाऊन तक्रार लिहितात आणि तिकडची कंपनी आम्हाला काम देणं बंद करते. तुमच्याकडचे एजंट दर पाडून मागतात, तो खड्डा दुकान भरून काढतं. आणि तुमची माणसं तक्रार करत नाहीत. शेवटचं वाक्य त्यानं कौतुकानं म्हटलं होतं. मला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

मसाल्याच्या बागेत तेलाच्या बाटल्या झाल्या, दांबुलाला पायऱ्या झाल्या. अनुराधपूरला बस लागली तेव्हा सव्वापाच वाजले होते. रत्नाकर दारात उभा राहून म्हणाला, वीस मिनिटं, सगळ्यांनी पटापट दर्शन घ्या.

चपला बाहेर काढून वाळूवरून अनवाणी आत जायचं होतं. आत शिरलो आणि आई थबकली. शेकडो माणसं, आणि सगळी पांढऱ्या कपड्यांत. म्हाताऱ्या बाया, शाळेच्या मुली, तान्ह्या पोरांना घेतलेल्या आया. आई इतकंच म्हणाली, "हे तर सगळे आपलेच." आमच्याकडं विजयादशमीला मैदानावर जसं दिसतं तसंच, फक्त इथं लाउडस्पीकर नव्हते. झाड वर, सोनेरी कठड्याच्या आत, फांद्यांना टेकू दिलेले. खाली लोक पान पडायची वाट पाहत होते. आम्ही होतो तोवर एकही पडलं नाही.

आईनं कमळं वाहिली, भिंतीजवळ जागा बघितली, टॉवेल अंथरला आणि मांडी घातली. वंदना सुरू केली. शेजारी बसलेली एक सिंहली म्हातारी मान वळवून बघू लागली, आणि मग तीही म्हणू लागली. पालीतले शब्द दोघींचे एक, चाल वेगळी. आई थोडी थांबायची, ती म्हातारी थोडी थांबायची, पुन्हा जुळायचं. दोघींना एकमेकींचं दुसरं एक अक्षर कळत नव्हतं.

पंधराव्या मिनिटाला रत्नाकर आला. "आजी, चला. झालं दर्शन."

आईनं डोळे उघडले. "तुझं झालं आसंल. मी तर आत्ता बसले."

त्यानं समजावलं. हॉटेलवर आचाऱ्यानं पोळ्या लाटायला घेतल्या असतील, ड्रायव्हरची वेळ संपते, बाकीची वीस माणसं खोळंबतील. आईनं डोळे पुन्हा मिटले. मग तो माझ्याकडं वळला. "काका, तुम्ही सांगा ना त्यांना. तुम्ही समजदार आहात."

समजदार म्हणजे कोण, ते मला तेव्हा कळलं. समजदार म्हणजे जो आपल्या आईला उठवतो. मुकादमाचं, दुकानदाराचं, शिपायाचं काम या वेळी माझ्याकडं आलं होतं. मी खिशातून कार्यक्रमाचा कागद काढला आणि त्याच्यापुढं धरला.

"यात खड्यांचं दुकान दाखव."

त्यानं मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढं केलं.

"ते जवळजवळ दोन तास आमचे होते. त्यातले घे," मी म्हणालो आणि आईशेजारी वाळूवर बसलो.

 मला खरंच वाटत होतं की बस जाईल, आणि परक्या मुलखात बहात्तर वर्षांच्या बाईला घेऊन मी पन्नास-साठ किलोमीटर कसा जाणार याचं गणित माझ्या डोक्यात चालू झालं होतं. तेवढ्यात आमच्यातल्या गयाबाई आल्या. पाचोडच्या; आठवडी बाजारात भाजी विकून त्यांनी या सहलीचे पैसे जमवले होते. त्यांनी कमरेचा पदर सोडला आणि आईच्या दुसऱ्या बाजूला बसकण मारली. "मीबी बसते. पोळ्या गार झाल्या तर गार खाऊ. आपुन काय गरम खाऊन मोठं झालो व्हय?"

मग एक एक करून चौदाजण बसले. बाकीचे बसकडं गेले, पण बस चौदा माणसं सोडून जाऊ शकत नव्हती. रत्नाकर दूर जाऊन फोन लावत बसला. आईनं घाई केली नाही. पंचशील झालं, पूजा झाली, सगळं झालं. मी घड्याळ बघितलं नाही असं लिहिलं असतं तर छान दिसलं असतं. पण मी बघितलं. बावन्न मिनिटं. शेवटी आई आपली आपण उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, कुणाचा हात न धरता. गटातल्या कुणीतरी तिचा बसलेला फोटो आधीच काढून ठेवला होता.

त्या दिवशी पोळ्या गार मिळाल्या. चांगल्या लागल्या.

परत आल्यावर विहारात माझ्यावर बरीच टीका झाली. एवढं काय मोजायचं, थोडं ॲडजस्ट करावं, आपल्याच पोराचं पोट आहे. मी ऐकून घेतलं. पण मला एक विचारायचं आहे. ॲडजस्ट नेहमी बसणाऱ्यानंच का करायचं? खड्यांच्या दुकानानं एकदा करून बघावं.

आणि कुणी असं समजू नये की मला इंग्रजांचं सगळं भारी वाटतं. त्या शिक्षक बाई न्याहारीला आपली जड बॅग स्वतः ओढत होत्या. आमच्या बसमध्ये आईच्या बॅगेला मी हात लावायच्या आत दुसऱ्या कुणीतरी उचललेली असायची. परतीच्या विमानात आईचे पाय सुजले, तर गयाबाईंनी ते आपल्या मांडीवर घेतले. हे कुठल्याही फाइलच्या कुठल्याही पानावर नसतं. पण यावरून काही लोक म्हणतात की आपल्याकडं माया आहे, त्यांच्याकडं कागद आहे, ज्याचं त्याला. मी हे मानत नाही. माया आहे म्हणून कागद नको, हे ज्याला कागद द्यायचा नाही तोच सांगतो. ग्राहकाचा कायदा आपल्याकडंही आहे. मला दोन्ही पाहिजे. गरम पोळीही पाहिजे आणि कुठं किती वेळ, हेही लिहून पाहिजे. त्यात लाजण्यासारखं काय आहे, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. आता विहारातलं कुणी सहलीला निघालं की कागद घेऊन माझ्याकडं येतं. मी अंतरं मांडतो, वेळ काढतो, आणि जिथं बसत नाही तिथं लाल खूण करतो. रत्नाकर मला जय भीम करतो, पण थांबत नाही.

या पौषात तो थांबला. घरीच आला, पेढे घेऊन. आईच्या पाया पडला. बरोबर नव्या फ्लेक्सचा नमुना होता. गारखेड्याच्या चौकात तो आदल्या दिवशीच लागलाही होता. त्यावर आई. पांढरी साडी, मिटलेले डोळे, मागं सोनेरी कठडा. वर मोठ्या अक्षरात, 'बोधिवृक्षाच्या छायेत निवांत क्षण.' त्याचं म्हणणं, या फोटोमुळं चौकशीचे फोन वाढलेत.

मी तोंड उघडणार होतो. आईनं हातानं थांबवलं. तिनं चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला.

"चांगला आलाय," ती म्हणाली. "राहू दे. फक्त खाली लिही, किती वेळ बसू देणार."

"आजी, असं लिहीत नसतात कुणी."

"तू लिही."

"ते जागेवर गेल्यावर ठरतं, आजी. पुढचं-मागचं होतं. लिहिलं की लोक धरून बसतात."

"बसू दे की," आई म्हणाली. "लिहायचं नसंल तर मला काढ तिथून."

तो चहा न घेता गेला. तीन दिवसांनी कामावरून येताना मी चौकात पाहिलं. फ्लेक्स तोच, रंग तोच, 'निवांत क्षण'ही तेच. आईच्या जागी नदीत उभा असलेला एक हत्ती होता. वेळ कुठंच लिहिलेली नव्हती. घरी येऊन मी आईला सांगितलं.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं केलं. हत्तीला कुठं बसायचंय."